चाचणी-कोडची पुनर्रचना

चाचणी-कोडची पुनर्रचना ही सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील एक पद्धत आहे. सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणे काम करते की नाही हे तपासण्यासाठी लिहिलेल्या स्वयंचलित चाचण्यांची अंतर्गत रचना सुधारणे, आणि तसे करताना त्या चाचण्यांची दोष पकडण्याची क्षमता कमी होऊ न देणे, असे तिचे स्वरूप आहे. या पद्धतीला टेस्ट रिफॅक्टरिंग असेही म्हणतात. अजाइल पद्धतीने चालणाऱ्या प्रकल्पांत मूळ कोड आणि चाचण्या एकत्रच वाढत जातात. त्यामुळे या प्रकल्पांत चाचण्यांची पुनर्रचना हा विकासाच्या दैनंदिन कामाचाच भाग मानला जातो.

मूळ कोडची पुनर्रचना करताना काही चुकले तर चाचण्या ते दाखवून देतात. चाचण्यांचीच पुनर्रचना करताना मात्र असा पहारेकरी सहसा नसतो. चूक झालेली चाचणी अनेकदा अपयशी न ठरता नेहमी उत्तीर्णच होत राहते, आणि म्हणून ती चूक लक्षात येत नाही. या विषयातील बहुतेक नियम आणि सावधगिरीचे उपाय या एका अडचणीतून निर्माण झाले आहेत.

व्याख्या आणि व्याप्ती

पुनर्रचना म्हणजे बाहेरून दिसणारी वर्तणूक न बदलता कोडची अंतर्गत रचना बदलणे. ही व्याख्या चाचण्यांना लावताना ‘वर्तणूक’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा लागतो. मूळ कोडची वर्तणूक म्हणजे दिलेल्या माहितीवरून मिळणारे उत्तर. चाचणीची वर्तणूक म्हणजे तिने दिलेला निर्णय. योग्य कोड असताना उत्तीर्ण होणे आणि सदोष कोड असताना अपयशी ठरणे ही चाचणीची दोन कामे आहेत. पुनर्रचनेनंतर दोन्ही कामे पूर्वीसारखीच झाली पाहिजेत. पहिले काम चाचणी चालवून लगेच तपासता येते. दुसरे तपासण्यासाठी मुद्दाम वेगळे प्रयत्न करावे लागतात.

आवश्यकता बदलल्यामुळे चाचणीतील अपेक्षित उत्तर बदलणे, नवी चाचणी जोडणे किंवा कालबाह्य चाचणी काढून टाकणे या गोष्टी काटेकोर अर्थाने पुनर्रचनेत मोडत नाहीत. ती चाचण्यांची देखभाल होय. व्यवहारात दोन्ही कामे एकाच बैठकीत केली जातात. तथापि ती वेगवेगळ्या पायऱ्यांत करावीत असा संकेत आहे.

इतिहास

पुनर्रचनेच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात राल्फ जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली सादर केलेल्या प्रबंधाने घातला. १९९९ साली मार्टिन फाउलर यांचे ‘रिफॅक्टरिंग : इम्प्रूव्हिंग द डिझाइन ऑफ एक्झिस्टिंग कोड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ही संकल्पना सर्वसामान्य प्रोग्रॅमरांपर्यंत पोहोचली. पुनर्रचनेपूर्वी भक्कम चाचण्या हाताशी असल्या पाहिजेत, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

याच काळात चाचण्या लिहिण्याची साधनेही विकसित होत होती. केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी एसयुनिट हे साधन तयार केले. १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात बेक आणि एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी जेयुनिटची पहिली आवृत्ती लिहिली. बेक यांनी पुरस्कारलेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीत चाचण्या प्रोग्रॅमरांनी स्वतः आणि सतत लिहाव्यात अशी अपेक्षा होती. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जणांनी अजाइल जाहीरनामा तयार केला. त्यानंतर या कार्यपद्धतींचा प्रसार वेगाने झाला.

चाचण्यांची संख्या वाढली तशी त्यांच्या देखभालीची अडचणही पुढे आली. २००१ साली इटलीतील सार्डिनिया बेटावर झालेल्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगविषयक परिषदेत आरी फान ड्यूर्सन, लिऑन मूनेन, ॲलेक्स फान डेन बर्घ आणि जेरार्ड कॉक या नेदरलँड्समधील संशोधकांनी ‘रिफॅक्टरिंग टेस्ट कोड’ हा निबंध सादर केला. चाचण्यांतील दोष मूळ कोडमधील दोषांपेक्षा वेगळे असतात आणि त्यांवरील उपायही वेगळे असतात, ही त्यातील मुख्य मांडणी होती. या निबंधात चाचण्यांतील ११ ‘दुर्गंध’ आणि ६ पुनर्रचना यांची नोंद आहे. २००७ साली जेरार्ड मेझारोस यांच्या ‘एक्सयुनिट टेस्ट पॅटर्न्स : रिफॅक्टरिंग टेस्ट कोड’ या ग्रंथाने या विषयाला विस्तृत आणि पद्धतशीर रूप दिले.

पुनर्रचनेची गरज

अजाइल प्रकल्पांत काम साधारणपणे एक ते चार आठवड्यांच्या आवर्तनांत केले जाते. स्क्रम या पद्धतीत अशा आवर्तनाला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक आवर्तनात नवी वैशिष्ट्ये येतात आणि जुनी बदलतात. चाचण्या घाईत लिहिल्या गेल्या, एकीची नक्कल करून दुसरी तयार केली गेली, तर काही महिन्यांतच मूळ कोडमधल्या एका छोट्या बदलामुळे अनेक चाचण्या एकदम अपयशी ठरू लागतात. त्यांतली कोणती खरा दोष दाखवते आणि कोणती केवळ रचना बदलल्यामुळे मोडली, हे ठरवण्यात वेळ जातो.

याचा परिणाम केवळ वेळेपुरता मर्यादित राहत नाही. अपयशी चाचणी म्हणजे दोषाची सूचना, हा विश्वास एकदा ढळला की चमूतील लोक लाल खुणांकडे दुर्लक्ष करू लागतात. त्रासदायक चाचण्या तात्पुरत्या म्हणून बंद ठेवल्या जातात आणि पुढे तशाच राहतात. चाचण्यांचा आधार गेला की मूळ कोड बदलण्याचे धाडसही जाते. मायकेल फेदर्स यांनी २००४ मधील आपल्या पुस्तकात ‘चाचण्या नसलेला कोड’ अशीच वारसा-कोडची व्याख्या केली आहे. त्या दृष्टीने पाहता, निरुपयोगी झालेल्या चाचण्या नव्या कोडलाही अल्पावधीत वारसा-कोडच्या अवस्थेला नेऊन ठेवतात.

चाचण्यांतील दुर्गंध

कोडमधील संशयास्पद लक्षणांना ‘दुर्गंध’ म्हणण्याची प्रथा केंट बेक यांच्यापासून सुरू झाली. दुर्गंध म्हणजे प्रत्यक्ष दोष नव्हे. आत काही बिघडले असण्याची ती खूण असते. चाचण्यांत नेहमी आढळणारे दुर्गंध पुढीलप्रमाणे आहेत.

अनोळखी पाहुणा : चाचणी एखाद्या बाहेरील फाइलवर किंवा डेटाबेसमधील नोंदीवर अवलंबून असते, पण ती माहिती चाचणीत दिसत नाही. वाचणाऱ्याला अपेक्षित उत्तराचे कारण कळत नाही.

हावरी चाचणी : एकाच चाचणीत अनेक गोष्टी तपासल्या जातात. ती अपयशी ठरली की नेमके काय बिघडले ते समजत नाही, आणि पहिल्या अपयशानंतरच्या तपासण्या सहसा होतच नाहीत.

पडताळणीचा जुगार : चाचणीत अनेक पडताळणी विधाने एकापुढे एक असतात, पण त्यांना स्पष्टीकरणाचा संदेश जोडलेला नसतो.

सर्वसाधारण पूर्वतयारी : सर्व चाचण्यांसाठी एकच मोठी पूर्वतयारी केलेली असते. प्रत्येक चाचणी तिचा थोडाच भाग वापरते. त्यामुळे चाचण्या मंदावतात आणि वाचायला कठीण होतात.

अतिसंवेदनशील तुलना : दोन वस्तूंची तुलना त्यांचे मजकुरात रूपांतर करून केली जाते. मजकुरातील एखादा स्वल्पविराम बदलला तरी चाचणी मोडते.

नक्कल : पूर्वतयारीच्या त्याच त्या ओळी अनेक चाचण्यांत आढळतात.

यांखेरीज अस्थिर चाचण्या, म्हणजे कोड न बदलता कधी उत्तीर्ण तर कधी अपयशी ठरणाऱ्या चाचण्या, हाही मोठा प्रश्न आहे. गूगलने २०१६ साली दिलेल्या माहितीनुसार तेथील सुमारे १६ टक्के चाचण्यांत काही प्रमाणात अशी अस्थिरता होती. अस्थिरतेच्या प्रमुख कारणांत ठरावीक सेकंद थांबून उत्तराची वाट पाहणे, समांतर चालणाऱ्या प्रक्रियांतील स्पर्धा आणि चाचण्यांच्या क्रमावर असलेले अवलंबित्व यांचा समावेश होतो. क्रमावरील अवलंबित्वाचे प्रसिद्ध उदाहरण जावाच्या सातव्या आवृत्तीच्या वेळी दिसले. या आवृत्तीत पद्धतींची यादी पूर्वीच्या क्रमाने मिळेल याची शाश्वती राहिली नाही. परिणामी, आधीच्या चाचणीने मागे ठेवलेल्या माहितीवर नकळत विसंबलेल्या चाचण्या अपयशी ठरू लागल्या. पुढे जेयुनिटच्या ४.११ या आवृत्तीत निश्चित क्रमाची सोय करण्यात आली.

प्रमुख पद्धती

नाव बदलणे : ‘चाचणी १’ यासारख्या नावाऐवजी तपासली जाणारी परिस्थिती आणि अपेक्षित परिणाम सांगणारे नाव देणे. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी धोक्याची पुनर्रचना आहे.

टप्पे स्पष्ट करणे : मेझारोस यांनी चाचणीचे चार टप्पे सांगितले आहेत : पूर्वतयारी, कृती, पडताळणी आणि आवराआवर. प्रत्येक चाचणीत हे टप्पे वेगळे दिसतील अशी मांडणी केली जाते.

चाचणी विभागणे : हावऱ्या चाचणीचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात एकच वर्तणूक तपासणे.

निर्मिती-पद्धत वेगळी काढणे : चाचणीसाठी लागणाऱ्या वस्तू तयार करण्याचा तपशील एका साहाय्यक पद्धतीत नेणे. ज्या मूल्यावर चाचणीचा निकाल अवलंबून आहे ते मात्र चाचणीतच ठेवले जाते.

बाह्य माहिती आत आणणे : फाइलमधील मजकूर चाचणीतच लिहिणे. अनोळखी पाहुण्यावरील हा उपाय आहे.

प्राचलीकरण : फक्त आकड्यांपुरत्या वेगळ्या असलेल्या अनेक चाचण्यांऐवजी एकच चाचणी आणि मूल्यांचा तक्ता ठेवणे.

विशेष पडताळणी तयार करणे : वारंवार येणाऱ्या अनेक पडताळणी विधानांना एकत्र करून त्यांना अर्थपूर्ण नाव देणे.

घड्याळ ताब्यात घेणे : ‘आजची तारीख’ संगणकाकडून न घेता चाचणीने स्वतः पुरवणे. यामुळे महिनाअखेरीस किंवा लीप वर्षातच मोडणाऱ्या चाचण्या स्थिर होतात.

उदाहरण

क्युकंबर या साधनात चाचण्या गर्किन नावाच्या मर्यादित रचनेच्या भाषेत लिहितात. गर्किनमधील सूचक शब्द सत्तरहून अधिक भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीचाही समावेश आहे. पुढील काल्पनिक उदाहरण त्या मराठी शब्दांत दिले आहे. ग्रंथालयाचा नियम असा आहे : पुस्तक १४ दिवस विनाशुल्क ठेवता येते, त्यानंतर दर दिवशी १ रुपया विलंब शुल्क लागते, आणि शुल्काची कमाल मर्यादा ५० रुपये आहे.

मूळ चाचणीचे नाव ‘शुल्क चाचणी’ एवढेच होते. ती वाचकाची माहिती एका फाइलमधून घेत असे, परतीची तारीख त्या दिवसाच्या तारखेवरून मोजत असे, आणि चार वेगवेगळ्या मुदतींचे शुल्क एकापाठोपाठ एक तपासत असे. शिवाय अपेक्षित शुल्क ती मूळ कोडमधल्याच सूत्राने काढत असे. त्यामुळे सूत्रच चुकले असते तरी दोन्ही बाजूंना तेच चुकीचे उत्तर येऊन ती उत्तीर्ण झाली असती. पुनर्रचनेनंतर तिचे रूप असे झाले :

वैशिष्ट्य: ग्रंथालयाचे विलंब शुल्क

परिदृश्य रूपरेखा: उशिरा परत केलेल्या पुस्तकाचे शुल्क
जर वाचकाने १ जून रोजी पुस्तक नेले
जेव्हा तो ते पुस्तक <दिवस> दिवसांनी परत करतो
मग त्याला <रुपये> रुपये शुल्क आकारले जाते

उदाहरण:
| दिवस | रुपये |
| १४ | ० |
| १५ | १ |
| ६४ | ५० |
| ६५ | ५० |

येथे फाइल आणि चालू तारीख दोन्ही नाहीशी झाली आहेत, अपेक्षित शुल्क प्रत्यक्ष आकड्यात लिहिले आहे आणि प्रत्येक ओळीचा निकाल स्वतंत्रपणे कळतो. नियम ठाऊक असलेला ग्रंथपालही हा तक्ता वाचून तपासू शकतो.

आता शेवटच्या दोन ओळींत एकच उत्तर आहे असे पाहून कोणी चौथी ओळ नक्कल समजून वगळली, तर काय होईल? उरलेल्या तिन्ही ओळी उत्तीर्ण होतील. पुढे कोणी मूळ कोडमधून कमाल मर्यादेचा नियम चुकून काढून टाकला, तरीही त्या उत्तीर्णच होतील. कारण ६४ दिवसांचे शुल्क मर्यादेशिवायही ५० रुपयेच येते. मर्यादेचे रक्षण केवळ ६५ दिवसांची ओळ करत होती. शुल्काची आकारणी मूळ कोडमध्ये एकाच ओळीत लिहिलेली असेल, तर किती ओळी तपासल्या गेल्या हे दाखवणारे व्याप्तीचे मापही पूर्वीइतकेच राहील. ६५ व्या दिवसानंतर पुस्तक परत करणाऱ्या वाचकाला जादा शुल्क भरावे लागेल तेव्हाच ही चूक उघड होईल.

चाचण्यांची चाचणी

हा धोका टाळण्यासाठी पुढील उपाय वापरले जातात.

मूळ कोड आणि चाचण्या एकाच वेळी न बदलणे : चाचण्यांची पुनर्रचना करताना मूळ कोड स्थिर ठेवावा, आणि मूळ कोडची पुनर्रचना करताना चाचण्या स्थिर ठेवाव्यात. दोन्हींपैकी एक बाजू स्थिर असेल तरच दुसरीची पारख करता येते.

मुद्दाम बिघाड करणे : पुनर्रचनेनंतर मूळ कोडमध्ये तात्पुरती चूक करून चाचणी अपयशी ठरते की नाही हे पाहावे आणि मग चूक काढून टाकावी. वरील उदाहरणात १४ ऐवजी १५ दिवसांची मुदत लिहिल्यास दुसरी ओळ अपयशी ठरली पाहिजे. कमाल मर्यादा काढल्यास चौथी.

उत्परिवर्तन चाचणी : हेच काम यंत्राकडून करवून घेण्याची ही पद्धत आहे. साधन मूळ कोडमध्ये एकेक लहान बदल करून असंख्य सदोष प्रती तयार करते आणि चाचण्या त्यांतील किती प्रती पकडतात ते मोजते. ही कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ साली मांडली. रिचर्ड डिमिलो, लिप्टन आणि फ्रेडरिक सेवर्ड यांच्या १९७८ मधील निबंधामुळे ती प्रस्थापित झाली. जावासाठी पिट आणि जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर ही साधने प्रचलित आहेत. पुनर्रचनेपूर्वी आणि नंतर पकडलेल्या प्रतींची तुलना केली असता चाचण्यांची धार बोथट झाली का ते कळते. मात्र प्रत्येक प्रतीसाठी चाचण्या पुन्हा चालवाव्या लागत असल्याने ही पद्धत वेळखाऊ आहे.

लहान पावले : प्रत्येक बदलानंतर सर्व चाचण्या चालवून तो बदल आवृत्ती-नियंत्रणात नोंदवावा. चाचण्यांची एकूण संख्या अनपेक्षितपणे घटली का, हेही पाहावे. विभागणी करताना एखादी चाचणी नोंदली न जाणे ही सामान्य चूक आहे.

अजाइल प्रक्रियेतील स्थान

केंट बेक यांच्या चाचणी-आधारित विकासपद्धतीत तीन पायऱ्यांचे आवर्तन असते : अपयशी ठरणारी चाचणी लिहिणे, ती उत्तीर्ण होईल इतकाच कोड लिहिणे आणि नंतर पुनर्रचना करणे. तिसऱ्या पायरीत मूळ कोडबरोबर चाचण्यांचाही विचार अभिप्रेत आहे. घाईत नेमकी हीच पायरी वगळली जाते.

चाचण्यांच्या पुनर्रचनेसाठी स्वतंत्र स्प्रिंट राखून ठेवण्यापेक्षा, ज्या भागात काम चालू आहे तेथील चाचण्या त्या वेळीच सुधाराव्यात असे अनेक जाणकार सुचवतात. त्यामुळे ग्राहकाला दिसणारे काम थांबत नाही आणि ज्यांचा उपयोग होतो त्याच चाचण्यांवर श्रम खर्च होतात. सतत एकत्रीकरणाच्या व्यवस्थेत प्रत्येक बदलानंतर सर्व चाचण्या चालतात, म्हणून मंद चाचण्यांचा त्रास संपूर्ण चमूला होतो. माइक कोहन यांनी २००९ साली आपल्या पुस्तकात मांडलेल्या ‘चाचणी पिरॅमिड’नुसार तळाशी लहान व वेगवान चाचण्या अधिक असाव्यात आणि वापरकर्त्याच्या पडद्यावरून चालणाऱ्या चाचण्या कमी असाव्यात. वरच्या थरातील तपासणी खालच्या थरात उतरवणे ही त्यामुळे महत्त्वाची पुनर्रचना ठरते. पडद्यावरील चाचण्या ठेवायच्याच असतील, तर पानावरील बटणे व रकाने शोधण्याचा तपशील ‘पेज ऑब्जेक्ट’ नावाच्या स्वतंत्र वर्गात नेला जातो. पानाची रचना बदलली की फक्त तो वर्ग बदलावा लागतो.

मतभेद आणि मर्यादा

चाचण्यांतील पुनरावृत्ती किती कमी करावी याबाबत एकमत नाही. मूळ कोडमध्ये पुनरावृत्ती टाळणे हा सर्वमान्य नियम आहे. चाचणी मात्र वरून खाली एका दमात वाचता आली पाहिजे, आणि त्यासाठी थोडी पुनरावृत्ती चालवून घ्यावी असे अनेकांचे मत आहे. साहाय्यक पद्धतींचे थर वाढत गेले तर चाचणी आखूड होते, पण तिचा अर्थ कळण्यासाठी वाचकाला चार ठिकाणी जावे लागते. शिवाय गुंतागुंतीच्या साहाय्यक पद्धतीतच दोष असू शकतो.

‘एका चाचणीत एकच पडताळणी विधान’ या नियमाबाबतही मतभेद आहेत. त्याचे काटेकोर पालन केल्यास चाचण्यांची संख्या फार वाढते. म्हणून विधानाऐवजी ‘एकच वर्तणूक’ हा निकष अधिक व्यवहार्य मानला जातो. बदली वस्तूंच्या, म्हणजे मॉक्सच्या, अतिवापराने चाचण्या मूळ कोडच्या अंतर्गत रचनेला जखडल्या जातात. अशा चाचण्यांची कितीही पुनर्रचना केली तरी मूळ रचना बदलताच त्या मोडतात. त्या पुन्हा लिहिणेच योग्य ठरते.

चाचण्यांची पुनर्रचना न तपासलेल्या गोष्टी तपासत नाही, आणि मुळात चुकीची असलेली अपेक्षा दुरुस्तही करत नाही. मात्र सुबोध चाचणीत अशी अपेक्षा वाचणाऱ्याच्या नजरेस पडण्याची शक्यता अधिक असते.